हात : द्वारकाबाई निखारे

राणीचं एकही चित्र सापडलं नाही.
कंपनीच्या साहेबाशी बोलली तीही चिकाआडून.
मिळाली ती फक्त लिलावाची यादी.
कोणता हत्ती कितीला गेला, कोणती बैलजोडी,
शालू किती, समया किती,
आणि समासात एका कारकुनाचं तिरपं अक्षर :
म्हातारी बाई कुलूप उघडू देत नाही.

बावन्न मिनिटांच्या माहितीपटात
या एका ओळीला
मी किती सेकंद देऊ?

दिग्दर्शिका म्हणाली, चेहरा नाही तर नाही,
हात दाखवू.
म्हणून मे महिन्यात, सेहेचाळीस अंशांत,
पाचपावलीहून द्वारकाबाई आल्या,
डोक्यावर ओला दुपट्टा, पिशवीत उन्हासाठी कांदा.
चाळीस वर्षं मागावर बसलेल्या.
मेकअपवालीच्या अंगठ्या बोटांच्या सांध्यांवर अडकल्या.
साबण लावून चढवाव्या लागल्या.

महालातली भाड्याची खोली.
कूलर बंद, आवाज येतो म्हणून.
दृश्य तसं सोपं : राणी
विलायतेला जाणाऱ्या अर्जावर मोहर उठवते.
"हात हलतोय, मावशी," इम्तियाज कॅमेऱ्यामागून.
"राणी म्हातारी होती ना बाबू?"
"होती."
"मंग हालन नाही तं काय करन?"

हे सगळं मी दोन महिन्यांनी ऐकते आहे,
धंतोलीतल्या खोलीत, कानांवर हेडफोन, चहा निवलेला.
अकरा टेक.
सातव्यात मोहर उलटी.
नवव्यात गल्लीतून भंगारवाला जातो,
पितळ, तांबं, जुनं लोखंड, रद्दी,
भाव सांगत सांगत लांब जातो.
अकराव्यात मोहर नीट उठते
आणि कुणी न सांगता
द्वारकाबाई ओल्या शाईवर फुंकर घालतात.

पटकथेत फुंकर नव्हती.
ध्वनिमुद्रक म्हणतो, माइकवर आदळलीये, काढ.
काढली.
परत लावली.
परत काढली, खाली जाऊन आले, लावली.

दोन टेकच्या मधे माइक उघडा राहिला होता :
"माह्या पेन्शनचं रखडलं बाई.
मशीनवर अंगठा ठेवला का लाल लाइट लागते.
पोरगा म्हने, आजी, रेघाच नाहीत तुमच्या बोटाले.
राह्यतीन कशा? धाग्यानं खाल्ल्या.
तीनदा अर्ज देल्ला.
तुमच्या राणीचं काय झालं मंग,
आलं का तिकडून काही?"

इथे ध्वनिफितीत कुणी बोलत नाही.
कुणीतरी माठातून पाणी घेतं.
मग, "रोल."

प्राध्यापक साहेब पुस्तकांच्या कपाटापुढे बसून
सात मिनिटं सांगतात :
दत्तक नामंजूर, राज्य खालसा,
अर्ज केले, वकील पाठवले, उपयोग झाला नाही.
खरं आहे सगळं, तारखांसकट.
मी त्यांची चार मिनिटं ठेवली.

उरलेल्या तिनात
हात. कागद. फुंकर.
मोहरेचा काळा गोल कडेकडून सुकत येतो.
दिग्दर्शिका विचारते, एवढा वेळ काय बघायचंय लोकांनी?
मला सांगता येत नाही.
कुलूप उघडू देत नाही मी, एवढंच.

शेवटची क्लिप कामाची नाही.
कॅमेरा टेबलावर चालूच राहिला होता, चौकट वाकडी.
मानधन बँकेत टाकतो म्हटल्यावर
"नगद द्या जी. तिथं बी अंगठा मागते."
मग वही पुढे सरकते, सहीसाठी.
अंगठ्या अजून बोटांतच.
एकेक अक्षर विणल्यासारखं,
द्वारका, एवढंच लिहून थांबतात
आणि वाकून
त्यावरही फुंकर घालतात.

बॉलपेन होतं.